केकवरचा रफार

आमच्या घरात केक बायको करते आणि त्यावर लिहितो मी. ही वाटणी २०२०च्या टाळेबंदीत झाली. तेव्हा सांगलीत आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत केक होत होते आणि लोक तोंडाला रुमाल बांधून एकमेकांकडे बेकिंग पावडर उसनी मागायला जात होते. हिनं पहिला केक कुकरमध्ये मीठ पसरून, शिटी काढून केला. तो फुगला म्हणून दुसरा केला, दुसऱ्यावर क्रीम थापलं, आणि मग स्वयंपाकघरातून हाक आली, “अहो, जरा इकडे या. तुमचं अक्षर चांगलं आहे ना?”

अक्षर चांगलं होतं, हे मी नाकारत नाही. शाळेत दर्शनी फळ्यावरचा सुविचार मी लिहायचो. विचार मुख्याध्यापकांचा, ‘सु’ माझा. पुढे सहकारी बँकेत चिकटलो, तेव्हा पासबुकं हातानं भरायची असत. शिल्लक तीनशे अकरा रुपये असली तरी माझ्या अक्षरात ती भारदस्त दिसायची. मग संगणक आला आणि माझं अक्षर निवृत्त झालं. मी त्याच्यानंतर पंधरा वर्षांनी झालो. त्यामुळे अक्षराची चौकशी फार दिवसांनी झाली होती. मी हात धुऊन हजर झालो.

शेजारच्या आर्याचा चौथा वाढदिवस होता. आर्या म्हणजे दोन अक्षरं. पासबुकात असली नावं मी डोळे मिटून लिहिली असती. ‘आ’ असा ऐटदार आला, की त्यानं पाऊण केक व्यापला. ‘र्या’साठी उरला तो कडेचा उतार. तिथं मी त्याला कसाबसा टेकवला, पण क्रीमला उतार दिसला की ते पाण्यासारखंच वागतं, फक्त सावकाश. रात्रभरात ‘र्या’ घसरत घसरत खालच्या पुठ्ठ्यावर पोचला. आर्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ती खूश होती. तिच्या आईला वाचता येत होतं.

त्यानंतर मी हा विषय गंभीरपणे घेतला.

सुरुवातीला आमचं हत्यार म्हणजे दुधाची पिशवी: धुऊन, पुसून, क्रीम भरून, कोपरा कातरून. सगळी विद्या त्या कोपऱ्यात. कात्री जरा आत गेली की ‘शुभेच्छा’ सोऱ्यातून पडल्यासारख्या येतात, आणि बाहेर राहिली की पिशवी मागच्या बाजूनं फुटून क्रीम मनगटावरून कोपरापर्यंत येतं. मग बाहेरच्या ऑर्डरी यायला लागल्या, तशा रीतसर पायपिंग बॅगा आल्या आणि नोझल आली. नोझलना बसगाड्यांसारखे नंबर असतात. लिहायला एक, दोन, तीन नंबरची, बारीक गोल तोंडाची. चांदणीच्या तोंडाचं मोठं ते ‘१एम’, ज्यानं भोवरे पडतात. आणि १०४ नंबरचं चपटं, ज्यातून गुलाबाची पाकळी निघते. माझा संबंध दोन नंबरशी. बँकेत चाळीस वर्षं दोन नंबरपासून लांब राहिलो, आता रोज हातात असतं.

पेनानं लिहिताना आपण कागदावर रेटतो. इथं टोक क्रीमला घासलं की पृष्ठभागावर चर पडतो आणि नोझलच्या तोंडात गोळा होतो. म्हणजे लिहायचं नसतं, सोडायचं असतं. टोक टेकवा, धार चिकटली की नोझल अर्धा इंच वर उचला आणि हात फिरवा. धार हवेत लोंबते आणि हाताच्या मागून खाली बसत जाते. हात वळण घेऊन पुढे गेलेला असतो, अक्षर थोड्या वेळानं येतं, सरकारी अनुदानासारखं. थांबताना दाब आधी सोडायचा, हात नंतर उचलायचा. उलट झालं की प्रत्येक अक्षराला शेपूट. रांगोळी घालणाऱ्या बायकांना यातलं काही सांगावं लागत नाही, कारण चिमटीतून पूड सोडताना त्यांचं बोट जमिनीला लागतच नाही. मला मात्र पासष्टाव्या वर्षी उलट्या स्टीलच्या ताटावर ‘ग म भ न’ गिरवावं लागलं. एक ताट भरलं की खरवडून तेच क्रीम परत पिशवीत. एकाच वाटीभर क्रीमवर मी दोन तास शिकायचो. तिसऱ्या भरतीला ते दह्यासारखं फुटायचं, कारण माझे हात गरम आहेत. पिशवीला मी धरलं की आत उन्हाळा सुरू होतो.

आणि पिशवीत हवेचा एखादा बुडबुडा असतोच. सरळ साध्या ‘व’ला, ‘क’ला तो काही करत नाही. दबा धरून बसतो. ‘शुभे’ सुखरूप पार पडलं, ‘च्छा’चा पहिला वळसा घेतला, की ‘फुस्स’! मधोमध खिंडार आणि आजूबाजूला शिंतोडे.

तुम्ही म्हणाल, मग इंग्रजीत लिहा की. सगळे तेच करतात. इंग्रजीतल्या ‘हॅपी बर्थडे’ची अक्षरं तेरा. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ची मी मोजली, तर बारा. कागदावर मराठी एकानं जिंकते. पण इंग्रजी अक्षरं बैठ्या चाळीतली, एका ओळीत पाय पसरून बसलेली. आपलं अक्षर तीन मजली. मधल्या मजल्यावर अक्षर राहतं, वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तळघरात उकार. ‘हार्दिक’ घ्या. त्यातल्या एकट्या ‘द’च्या डोक्यावर ह्रस्व वेलांटीही आहे आणि रफारही. दोन भाडेकरू, गच्ची एक. दोन मिलिमीटरच्या धारेनं ते दोघं काढले की चढतात एकमेकांवर, आणि दुसऱ्या दिवशी फोटोत ‘हादींक’सारखं काहीतरी दिसतं.

त्यात शिरोरेषा. वहीत आपण आधी अक्षरं काढतो, मग वरून रेघ ओढतो. केकवर तसं केलं तर रेघेची धार अक्षरांच्या डोक्यांवर पडून त्यांना चेपते. आधी रेघ ओढून कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं टांगावीत, तर शब्द किती लांब होणार ते आधी कळावं लागतं. मी सुरुवातीला सढळ हातानं दोरी बांधायचो. कपडे संपायचे आणि दोरी उरायची. उरलेल्या दोरीवर ही चांदीच्या गोळ्या लावून द्यायची.

अक्षरवळणाचं एक तत्त्व मात्र मी सोडलेलं नाही. २००९ साली महाराष्ट्र शासनानं निर्णय काढून मराठीसाठी ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा ठरवून दिला. मी तो हिला मोठ्यानं वाचून दाखवला. पाकळी आणि देठ ऐकून तिनं निमूटपणे १०४ नंबरचं नोझल काढून हातात दिलं.

पाकळीवरून गुलाबाकडे यावंच लागतं. कागदावर चूक झाली तर खोडता येते. केकवर चूक झाली की तो दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायचा, अक्षर घट्ट झालं की टूथपिकनं अलगद उचलायचं, आणि मग खाली रंगाचा जो डाग उरतो त्यावर गुलाब बसवायचा. गुलाब म्हणजे केकवरची खाडाखोड. एका केकवर आम्ही अकरा गुलाब काढले होते. तो ज्यांचा होता त्या बाईंनी तसाच केक पुन्हा मागितला नाही, असा एक महिना जात नाही. १९३४ साली जोसेफ लॅम्बेथ नावाच्या इंग्रज कारागिरानं केकच्या सजावटीवर पुस्तक लिहिलं. झालरीवर झालर, तिच्यावर आणखी झालर, अशी त्याची पद्धत. हल्ली कॉलेजातल्या मुली ‘व्हिंटेज केक’ म्हणून मागतात तो प्रकार त्याचाच. इतक्या झालरी माणूस उगाच काढत नाही, असं मला आता वाटतं.

मजकुराचं म्हणाल तर लोकांना केक अर्ध्या किलोचा हवा असतो आणि मजकूर लग्नपत्रिकेचा. एका आजींनी नातीच्या केळवणासाठी ‘चि. सौ. कां.’ लिहायला सांगितलं. नाव राहिलं तरी चालेल, पण हे पाहिजे. तीन टिंबं! क्रीमचं टिंब काढायला अक्षरापेक्षा कठीण. उचलताना त्याला टोक येतं आणि ते शंकराच्या पिंडीसारखं दिसतं. ओल्या बोटानं टोक दाबायचं असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. याच्या अगदी उलट ते कोरियातून आलेले डब्यातले बेंटो केक, जेमतेम चार इंचांचे. त्यावर मुलं एकमेकांना ‘झालास एकदाचा पास’ असलं काहीतरी लिहून पाठवतात. मला ते मनापासून आवडतात. शब्द थोडे, रफार नाही, आणि आदरार्थी बहुवचनही नाही.

आदराचा विषय निघाला म्हणून सांगतो. एकदा चार तरुण मोटरसायकलींवरून आले. भाऊंचा वाढदिवस. पाच किलो, चौकोनी, आणि मजकूर काळ्या रंगात: ‘मा. भाऊंना अभिष्टचिंतनाच्या हार्दिक शुभेच्छा’. अभीष्टचिंतन म्हणजेच शुभेच्छा, तेव्हा ह्या शुभेच्छांच्या शुभेच्छा झाल्या, हे मी गिळलं. पण ‘भि’ गिळवेना. लिहिताना मी गुपचूप ‘अभीष्ट’ असं दीर्घ केलं. संध्याकाळी न्यायला आले तेव्हा त्यातला एक केकवर वाकला, मोबाइलमधला फोटो काढून ताडून पाहिलं आणि म्हणाला, “काका, भी चुकली.”

“चुकली नाही, सुधारलीय,” मी म्हणालो.

“चौकातल्या फ्लेक्सवर पहिली आहे.”

फ्लेक्सवर वेलांटी पहिली होती, खाली गॉगल लावलेले बारा चेहरे होते, आणि त्या तेरांसमोर मी एकटा. हिनं मला बाजूला केलं आणि बरोबर वेलांटीवर एक टपोरा लाल गुलाब बसवला. आता ती ह्रस्व की दीर्घ, हे त्या गुलाबालाच ठाऊक. मंडळी खूश झाली. तलवार आम्हीच आणतो, म्हणाली. तलवारीनं केक कापला म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यामुळे हिनं प्लॅस्टिकची सुरी डब्यातच चिकटवून दिली. काळ्या रंगाचं मात्र त्यांना सांगायचं राहिलं. क्रीममध्ये काळा रंग घातला की आधी राखाडी दिसतो, म्हणून आपण घालतच जातो, आणि मग तो रात्रभरात मुरून कुट्ट होतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो होता. भाऊ आणि कार्यकर्ते हसत होते. मधला एकही दात पांढरा नव्हता.

पण ही सगळी रंगीत तालीमच म्हणायची. खरी परीक्षा माझ्या सासऱ्यांनी घेतली.

अण्णा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. माणूस अक्षरशः अक्षरावर जगलेला. घरच्यांनी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन ऐंशीव्या वाढदिवसाला, जुलैत, उरकायचं ठरवलं होतं. हॉलही पाहून ठेवला होता. अण्णांनी कागदावर गुणाकार मांडला. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त. हजार पौर्णिमांचे झाले साडेएकोणतीस हजार आणि वर थोडे. म्हणजे ऐंशी वर्षं आणि दहा महिने. “नोंद तारखेला होते. आधी केलेली नोंद रद्द धरतात,” ते म्हणाले. जुलैत दहा महिने मिळवल्यावर मे येतो. सांगलीचा मे. क्रीमचा कर्दनकाळ.

पत्रिका छापून आल्या, त्यावर ‘सहस्त्रचंद्रदर्शन’. ‘स्र’मध्ये नसलेला ‘त’ घुसलेला. दीडशे पत्रिका अण्णांनी एका बैठकीत लाल पेनानं दुरुस्त केल्या. त्यानंतर केकवर काय लिहायचं ते मला कुणी सांगितलं नाही. सगळे नुसते माझ्याकडे बघायचे.

आठ अक्षरं. त्यात ‘स्र’, ‘द्र’ आणि ‘र्श’. मी ताटावर बसलो. ‘स्र’च्या पोटातली ती तिरपी रेघ थोडी जाड झाली की डोळ्यांना ‘त’च दिसायचा. ‘र्श’चा रफार शिरोरेषेवरून लोळत ‘न’वर जाऊन बसायचा आणि अण्णांचं ‘दशर्न’ व्हायचं. तीन दिवसांत मी पाऊण लिटर क्रीम खरवडलं. चौथ्या दिवशी चहा घ्यायला अण्णांकडे गेलो तर टेबलावर एका जुन्या फेरफाराची झेरॉक्स पडली होती. मोडीतली. अशा झेरॉक्स घेऊन लोक अजूनही त्यांच्याकडे वाचून घ्यायला येतात. मी सहज पाहत होतो, तर अण्णा म्हणाले, “ह्याची एक शिस्त होती. आधी पानभर रेघ ओढायची. मग तिच्याखाली अक्षरं सोडत जायची. हात उचलायचा नाही.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आधी रेघ! सोडत जायची! हात उचलायचा नाही! हा माणूस पायपिंग शिकवत होता.

मग मी मोडीचं पुस्तक आणलं आणि जे जे वाचत गेलो त्यानं थक्क होत गेलो. वेलांटी एकच, उकार एकच. ह्रस्व-दीर्घाची भानगडच नाही, म्हणजे भाऊंचे कार्यकर्ते आणि मी एका पंक्तीला. विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत जागाही सोडत नाहीत. एका अक्षराचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीला जाऊन मिळतो, त्यामुळे शेपूट ही चूक नाहीच, तो रस्ता आहे. शेकडो वर्षं दप्तरांतून बोरूनं घाईघाईत लिहिली गेलेली ही लिपी. छापखान्याच्या खिळ्यांना बाळबोध मानवली, मोडी मानवली नाही. २०१४ साली युनिकोडमध्येही तिला जागा मिळाली. पण तिची खरी जागा केकवर आहे हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात येऊ नये?

“वाचणार कोण अहो?” ही म्हणाली.

“ज्याचा केक आहे तो.”

आदल्या रात्री बारा वाजता, पंखा बंद, खिडकी उघडी, पिशवीला ओला रुमाल गुंडाळलेला. दहा इंची केक, अंड्याशिवाय, वर केशरी झाक असलेलं पांढरं क्रीम. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. मग तिच्याखाली धार सोडली. स, ह, स्र... हात पुढे, अक्षर मागून. बुडबुडा आला नाही. आला असेल तर त्यालाही मोडी येत नसावी, कुठं फुटायचं ते कळलं नसेल. शेवटचा ‘न’ सोडून मी हात उचलला तेव्हा ही दारात उभी होती. काही बोलली नाही. चांदीच्या गोळ्यांची डबी तिनं परत कपाटात ठेवली.

हॉलमध्ये मेणबत्त्यांचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे दिव्यावर फुंकर मारत नाहीत, ओवाळतात. पण ओवाळायचे दिवे एक्याऐंशी, आणि बाहेर एकेचाळीस डिग्री. तबक केकपासून चार हात लांब ठेवा, असं मी गुरुजींना दोनदा विनवलं. पाहुणे केकभोवती जमले. “वेल छान काढलीय हो,” एक मावशी म्हणाल्या. “डिझाइन मॉडर्न आहे.” “नाव नाही घातलं का? घालायला हवं होतं.” मेव्हण्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, “भाऊजी, हे उर्दू आहे का?”

अण्णांनी चष्मा मागितला. खुर्ची पुढे ओढून घेतली. मग उजव्या हाताची तर्जनी केकच्या वर दोन बोटांवर धरून रेघेबरोबर सरकवायला लागले. ओठ हलत होते. हॉलमधली कुजबुज थांबली. ‘स्र’पाशी बोट थबकलं, पुढे गेलं. ‘र्श’पाशी पुन्हा थबकलं. माझ्या पाठीवरून घामाची धार उतरत होती आणि ती मला थांबवता येत नव्हती. दाब कुठून सोडायचा हे कळत नव्हतं. बोट ‘न’पर्यंत पोचलं. अण्णांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं.

“सर्व्हे नंबर राहिला की, जावईबापू.”

सगळे हसले; मोडीतला विनोद कुणाला समजला म्हणून नाही, अण्णा हसले म्हणून. हिनं सुरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती परत तिच्याच हातात दिली आणि म्हणाले, “तूच काप. पण शेवटाकडून काप. मला अजून वाचायचंय.”

सुरी फिरली आणि ‘न’ पहिला गेला.